चार इंच खाली

सुदर्शनने आयुष्यात एकही गोष्ट अंदाजाने केली नव्हती. स्वतःच्या लग्नात स्टेज किती फूट उंच आहे, हे त्याने खिशातली टेप काढून मोजलं होतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या श्रद्धाने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत तो सचिव होता. गेल्या वर्षी गेटात गतिरोधक घातला तेव्हा गवंड्याने चार इंचांवर हात झटकले, तर सुदर्शनने समोर उभं राहून आणखी दोन थर चढवून घेतले. वर स्वतः मजकूर करून पाटी लावली: ‘पुढे गतिरोधक आहे. ज्यांना घाई आहे, त्यांनी गाडी बाहेर लावून पळत यावे. आदेशावरून, सचिव.’ शेजारच्या सोसायटीतले लोक त्या पाटीचा फोटो काढून नेत.

असा माणूस जेव्हा म्हणाला, “आईंच्या पोटातलं पाणी हलू न देता त्यांना लोणीहून इथे आणतो,” तेव्हा श्रद्धाला काळजी वाटायला हवी होती. ती वाटलीच.

आई म्हणजे मुक्ताई, श्रद्धाच्या आई. आणि प्रश्न होता गाडीचा. सुदर्शनचे सासरे ज्ञानदेवराव यांनी चाळीस वर्षांपूर्वी एक व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलं होतं. आत पलंग, बाक, शेगडी, फुलाफुलांचे पडदे. पाहुण्यांच्या लग्नाला गेले तरी ते झोपायला आपल्या गाडीत यायचे. सुदर्शन त्याच गाडीवर चालवायला शिकला, आणि त्याची टेप पाहून न हसणारे सासरच्या घरात ते एकटेच होते. ते जाऊन दोन वर्षं झाली. गाडी लोणी काळभोरला गोठ्याशेजारी उभी होती, आणि तिच्याकडे पाहिलं की सुदर्शनला सासरे फार आठवायचे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते मोजता येत नव्हतं.

मुक्ताई मात्र त्या गाडीत कधी बसल्याच नाहीत. “मला ती गाडी लागती,” म्हणायच्या आणि रिक्षा बोलवायच्या.

आता श्रद्धाच्या भावाला, अभयला, त्या गाडीत मोमो विकायचे होते. त्याने एका बाजूचा पत्रा कुठे कापायचा याची खडूने रेघही मारून ठेवली होती. सुदर्शनने ती रेघ पाहिली आणि त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी मुक्ताईंनी निवाडा दिला. “मला वकारी न येता जो ह्या गाडीनं लेकीच्या दारात न्हेऊन सोडंल, त्याची गाडी. पयली पाळी जावईबापूंची. न्हाई जमलं तर अभयची.”

सुदर्शनने तीन आठवडे अभ्यास केला. निष्कर्ष असा: गाडी उंच आहे म्हणून वळणावर डुलते, डुलते म्हणून मळमळतं. तेव्हा गाडी खाली घ्यायची. आणि जुना ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत माणसाचं निम्मं आयुष्य जातं, तेव्हा ब्रेक बदलायचे.

हडपसरला वैजनाथ मिस्त्रींचं गॅरेज होतं. मिस्त्री मूळचे परळीकडचे, बोलणं कमी. त्यांनी गाडीखाली डोकं घालून पाहिलं.

“ब्रेकचं बरोबर आहे. पुढच्या चाकांना डिस्क बसवू, बूस्टर टाकू. पण खाली कशाला घेताव? दोन इंच लई झालं.”

“चार. दोन इंचांत डुलणं पस्तीस टक्केच कमी होतं.”

“टक्के ऱ्हाऊ द्या. रस्त्यात गतिरोधक किती हायत?”

सुदर्शन याच प्रश्नाची वाट पाहत होता. पुढच्या रविवारी तो स्कूटरवरून लोणीपासून निघाला आणि वाटेतला प्रत्येक गतिरोधक त्याने पोलादी पट्टीने मोजला. स्वारगेटजवळ एका पोलिसाने विचारलं, “महापालिकेचे का?” सुदर्शन म्हणाला, “जावई आहे.” एकूण चौदा गतिरोधक. सगळ्यात उंच पाच इंचांचा. चार इंच खाली घेतल्यावर गाडीच्या पोटाखाली साडेपाच इंच उरत होते. म्हणजे अर्धा इंच शिल्लक! तो समाधानाने स्कूटर वळवून आपल्या गेटातल्या गतिरोधकावरून घरी गेला आणि चहा प्याला.

मिस्त्रींनी आखूड स्प्रिंगा घातल्या, डिस्क बसवल्या आणि किल्ली देताना एवढंच म्हणाले, “ब्रेकवर पाय हळू ठेवा. आता ती ऐकती.”

ठरलेल्या रविवारी सकाळी सुदर्शन आणि श्रद्धा गॅरेजमधून गाडी घेऊन थेट लोणीला पोहोचले. रिकामी गाडी तिथपर्यंतच्या गतिरोधकांवरून लोण्यासारखी गेली होती. अंगणात मुक्ताई नवीन नऊवारी नेसून बसल्या होत्या, आणि त्यांच्या भोवती बाजरीचं एक पोतं, तांदळाचं एक, गुळाच्या दोन ढेपा, पाच भोपळे, लोणच्याची बरणी आणि पाटा-वरवंटा.

“हे काय?” सुदर्शनने विचारलं.

“लेकीच्या घरी मोकळ्या हातानं जायाचं व्हय?” मुक्ताई म्हणाल्या.

हे वजन सुदर्शनने कुठेच धरलं नव्हतं. सामान चढलं तशी गाडी दीड इंच बसली. तो जमिनीवर आडवा होऊन पट्टी लावून पाहत होता, तेव्हा अभय मोटरसायकलवर बसून मोबाईलवर चित्रण करत होता.

“दाजी, मी मागनं येतो. काय लागलं तर हाय मी.”

पहिलाच गतिरोधक आला आणि खालून असा आवाज झाला, की सुदर्शनच्या दातांपर्यंत झिणझिण्या आल्या. त्याने घाबरून ब्रेकवर जुन्या सवयीने पाय रोवला. गाडीने ऐकलं. ती जागच्या जागी थांबली, आणि पाचही भोपळे मागून पुढे आले.

“आई, मळमळतंय का?” त्याने मागे न बघता विचारलं.

“न्हाई बा. भोपळा तेवढा पायावर आला.”

“अहो, आम्ही उतरतो,” श्रद्धा म्हणाली. “वजन कमी झालं की निघेल.”

तसं प्रत्येक ठिकाणी करावं लागलं. गतिरोधक आला की माय-लेकी उतरायच्या, गाडी तिरकी करून मुंगीच्या पावलांनी पार व्हायची, त्या चालत पुढे येऊन पुन्हा बसायच्या. प्रत्येक वेळी सुदर्शन आरशात सासूबाईंचा चेहरा पाही आणि किती गतिरोधक उरले ते मोजी. मागून अभय प्रेमाने विचारी, “दाजी, ढकलू का?”

स्वारगेटला कहर झाला. तिथल्या गतिरोधकापलीकडे बसची वाट पाहणारी माणसं उभी होती. दार सरकवलेली, आत बाक असलेली गाडी समोर हळूहळू येऊन थांबली, दोन बायका चढल्या, म्हणून मागोमाग आणखी चौघं चढले. सुदर्शनचं लक्ष समोरच्या रिक्षावर होतं. दोनशे मीटर गेल्यावर मागून पुरुषी आवाज आला.

“कात्रजला उभी राहील ना?”

सुदर्शनने दचकून ब्रेक लावला. भोपळे पुन्हा पुढे आले, या वेळी एका गृहस्थांसकट.

“उतरा, ही घरची गाडी आहे,” तो ओरडला.

“मग पडदे लावून स्वारगेटला कशाला फिरता?” गृहस्थ भोपळा त्याच्या हातात देत म्हणाले आणि बाकीच्या तिघांसह शांतपणे उतरले.

“बिचारे,” मुक्ताई म्हणाल्या. “जरा पुढं सोडलं असतं तर काय झालं असतं? ती बाई चांगली होती, माळेगावची निघाली.”

सुदर्शनचा शर्ट पाठीला चिकटला होता. पण मोजून चौदा गतिरोधक मागे पडले होते, आणि सासूबाईंना वकारी आली नव्हती. आता फक्त गल्लीतलं वळण, मग गेट, मग घर. त्याने पहिल्यांदा खांदे सैल सोडले. अभयच्या खडूची रेघ आपण ओल्या फडक्याने कशी पुसायची, हे मनात आणत त्याने गाडी गेटात घातली.

पुढची चाकं चढली, उतरली, आणि गाडी पोटावर बसली.

हा पंधरावा होता. सात इंच. तो मोजायचं त्याला सुचलंच नव्हतं, कारण तो त्याने स्वतः मोजून बांधला होता.

गाडी पुढे जाईना, मागे येईना. मागची चाकं नुसती गरगरत होती. बाहेर तीन मोटारी आणि एक भाजीचा टेम्पो खोळंबला. अध्यक्ष दीनानाथ, वय एकोणऐंशी, हातातली पिशवी खाली ठेवून जवळ आले. त्यांनी गाडी पाहिली, गतिरोधक पाहिला, आणि पाटी मोठ्याने संपूर्ण वाचली.

“सुरेख मजकूर आहे,” ते म्हणाले. “सचिव कुठे भेटतील?”

अभय मोटरसायकल लावून आला. चेहऱ्यावर सहानुभूती होती, पण फार नव्हती. “आई, दारात न्यायचं ठरलं होतं. दार तर आत हाय. गाडी गेटातच.”

सुदर्शन जागचा उठला नाही. त्याचे हात स्टिअरिंगच्या चाकावरच होते. ज्ञानदेवराव याच चाकावर हात ठेवून म्हणायचे, घाई करू नका, गाडी आपलीच आहे. त्याला वाटलं, आता इथेच डोकं टेकून रडावं, आणि त्यासाठी कुठल्याही ठरावाची गरज पडू नये.

मुक्ताई दार सरकवून उतरल्या. कुणाचा हात न धरता.

“मला ही गाडी कधी लागलीच न्हाई, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “पायरी मांडीएवढी उंच व्हती. नऊवारीत चारचौघांत पाय किती वर घ्यायचा? ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडी इकली असती. एवढा जीव व्हता ह्यांचा तिच्यात. म्हनून म्हनत ऱ्हायले, मला लागती.” त्यांनी पडद्याचं टोक बोटांत धरलं. “आज पंधरा येळा चढले-उतरले. कुणी टेकू दिला न्हाई. हे असते तर...”

श्रद्धाने डोळ्याला पदर लावला. सुदर्शनला टेप सोडून धरायला काही सापडेना, म्हणून त्याने ती घट्ट धरली.

“पण आई, दाराचं काय?” अभयने चिकाटी सोडली नाही.

“ती पाटी कुनाची?”

“दाजींचीच.”

“मंग? पाटी म्हनती, गाडी भाईर लावा अन् म्होरं पायी या. म्हंजी ह्या वस्तीचं दार हितंच. गाडी जावईबापूंची. तू मोमोला दुसरं काई बघ.”

अभयने मोबाईल खिशात घातला. मग तोच पहिला गाडीला खांदा द्यायला आला, कारण टेम्पोवाला शिव्या देऊ लागला होता. सामान उतरवून सोसायटीच्या आठ सभासदांनी गाडी उचलली आणि मागे, गेटाबाहेर, भिंतीला लावून ठेवली. आत यायचा तिला मार्गच नव्हता. गतिरोधक कमी करायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागणार होता, कारण ‘उंची कमी करण्याचा विषय तीन वर्षे घेतला जाणार नाही’ असं इतिवृत्तात सचिवांच्याच अक्षरात लिहिलं होतं.

सुदर्शनला त्याचं काही नव्हतं. गाडी आपली झाली होती. त्याने खडूची रेघ रुमालाने पुसली, बाजरीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि मान ताठ ठेवून आपल्या इमारतीकडे चालू लागला.

“सचिव,” मागून दीनानाथांचा आवाज आला. “पाटीवर ‘पळत’ आहे.”

सुदर्शन थांबला. गेटाबाहेर मुक्ताई भोपळा मांडीवर घेऊन गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या आणि इकडेच पाहत होत्या. त्याने पोतं नीट सावरलं, आणि तो पळाला.