जिन्याचं डिटेल

कार्टूनमधली आंटी किती सेकंद दिसते, हे स्टॉपवॉच लावून मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मधुकर सामंत, वय वर्षं बावन्न, आमच्या ड्रॉइंग ऑफिसातले सीनियर ड्राफ्ट्समन. स्टॉपवॉच पण साधंसुधं नाही, पंपांच्या टेस्टिंग डिपार्टमेंटमधून शनिवारी मागून आणलेलं.

"आठ सेकंद," सोमवारी डोंबिवलीला कंपनीच्या बसमध्ये चढता चढता त्यांनी मला सांगितलं. "खिडकी बंद व्हायला आणखी एक. पण ते मी धरत नाही गं, बाय."

नव्वद सालानंतर घरोघरी केबल आली त्या दिवसांतली ही गोष्ट. रविवारी सकाळी एक इंग्लिश कार्टून लागायचं. त्याचं खरं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, आम्ही सगळे त्याला 'साळिंदर' म्हणायचो. साळिंदराचं एक कुटुंब, बाप, आई, दोन पोरं. बाप काहीतरी उद्योग करायला जाणार आणि तोंडावर पडणार, की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडायची. जांभळी शाल घेतलेली एक म्हातारी साळिंदरीण, पोरांची 'आंटी', बाहेर डोकवायची, बापाला एकच वाक्य फटकारायची आणि धाडकन खिडकी लावायची. झालं तिचं काम. पुढच्या रविवारपर्यंत गायब.

आता ते वाक्य असायचं इंग्लिशमध्ये, तेही तोंडातल्या तोंडात. आमच्यातल्या एकालाही कळायचं नाही. पण सामंतांना कळायचं. म्हणजे निदान ते तसं सांगायचे. बापाने दार दुरुस्त केलं, तर आंटी म्हणाली, "दार छान बसलंय हो. आता भिंत पडली तरी ते पडायचं नाही." बाप पेपर वाचत बसला, तर, "वाच, वाच. तू वाचला नाहीस तर जग थांबेल." शीळफाट्याला बस अडकलेली असायची आणि आम्ही हसून हसून लोळायचो. एवढं फर्मास इंग्लिश या माणसाला येतं कुठून, असं मला वाटायचं. कारण साहेबांसमोर त्यांचं इंग्लिश 'यस सर'च्या पुढे जात नसे.

माजिवड्याला आमची पंपांची फॅक्टरी. मी तिथे ट्रेसर, म्हणजे ड्रॉइंग शाईने गिरवणारी, नोकरीत नवी, वय चोवीस आणि स्वतःला भलतीच शहाणी समजणारी. सामंत माझ्या पुढच्या बोर्डावर. माणूस कोकणातला, सडपातळ, कानावर पेन्सिल. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बोलणं सगळं ड्रॉइंगच्या भाषेत. कुणी बढाई मारली की म्हणायचे, "नॉट टू स्केल." कुणी अर्धवट बातमी आणली की, "डिटेल द्या, डिटेल." कँटीनची आमटी पातळ झाली तर स्वयंपाक्याला शांतपणे सांगायचे, "हिला रिव्हिजन मारा." तोही बिचारा डाळ वाढवायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत भांडण लागलं, ही आंटी नात्याने कोण? इंग्लिशमध्ये आंटी म्हटलं की संपलं, आपल्याला तेवढ्यावर थोडंच भागतं! आमच्यातला तरुण ड्राफ्ट्समन नाईक म्हणाला, मामी. मी म्हटलं, मावशी.

"आत्या," सामंत म्हणाले.

"कशावरून?"

"बापाच्या घरात वरच्या खोलीत कोण राहील? आणि ती टोचते फक्त बापाला. बायकोला कधी बोललीय? आणि तो बघ, मान खाली घालून ऐकतो. पुरुष अशी मान फक्त मोठ्या बहिणीसमोर घालतो."

साळिंदरांची आंटी त्या दिवसापासून आमची आत्या झाली.

आणि पुढच्याच आठवड्यात सामंतांनी तिच्यावर गोष्ट लिहिली. उरलेल्या वेळात ही बाई खिडकीमागे करते काय, एवढाच विषय. लिहिली कशावर, तर उरलेल्या ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर, शाईने, ड्रॉइंगवर लिहितात तशा एकसारख्या टपोऱ्या अक्षरांत. मग अमोनियाच्या मशीनमधून तिच्या प्रिंट काढल्या. त्या मशीनच्या वासाने डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, तरी आम्ही प्रिंटसाठी रांग लावून उभे. खाली उजव्या कोपऱ्यात नेहमीचे चौकोन. काढले : सामंत. तपासले : तिथे माझी सही घ्यायचे. मंजूर : तो चौकोन कोरा. नाईक एकदा पेन काढून म्हणाला, "आणा, मी करतो मंजूर." सामंतांनी कागद मागे ओढला. "तो चौकोन तुझा नाही." एवढे ते कधी कुणावर खेकसले नव्हते.

सगळ्यांनाच मग चेव आला. नाईकने आत्याचं एका पोस्टमन साळिंदराशी लग्न लावून दिलं. स्टोअरमधल्या एकाने तिला भूत केलं. सामंत सगळं वाचायचे आणि कपाळाला हात लावायचे. "बाईला नीट वागवा रे. ती तिरकी बोलते म्हणून काय वाटेल ते कराल?"

त्यांच्या स्वतःच्या गोष्टींत आत्या खिडकीमागे बसून वाटाणे सोलायची, भावाच्या लहानपणीच्या सदऱ्याची बटणं डबीत जपायची, खाली जेवणाची ताटं वाजली की कान द्यायची. पण खाली काही उतरायची नाही. तीन वर्षं, चाळीसच्या वर गोष्टी, बाई वरच! नाईक वैतागायचा, "अहो सामंत, एकदा तरी तिला जिन्यावरून खाली आणा की!" सामंत पेन्सिल कानावर सरकवत म्हणायचे, "जिन्याचं डिटेल अजून फायनल नाही."

मीही एक गोष्ट लिहिली. माझी आत्या एका सकाळी ट्रंक उचलते, भावाला म्हणते, "सांभाळ तुझं घर," आणि शहरात खोली घेऊन टायपिंगचा क्लास काढते. मला वाटलं, काय क्रांतिकारक लिहिलंय! सामंतांनी ती उभ्या उभ्या वाचली. "माप बरोबर आहे," म्हणाले आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी ते जेवायला आमच्यात बसले नाहीत. मी नाईकला म्हटलं, जळले वाटतं माझ्या लिखाणावर. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नव्हती. वाचणारे आम्ही पाच, आणि सामंत प्रिंट काढायचे सहा. सहावी प्रिंट पाकिटात जायची आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत. कुणाला ते कधी बोलले नाहीत.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी ऑफिसात स्केल, गुण्ये, कंपासपेट्या सगळ्यांची पूजा. नाईकने स्टॉपवॉचलासुद्धा झेंडूचं फूल वाहिलं होतं. पूजेनंतर सुट्टी. मी टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जाणार हे कळल्यावर सामंत माझ्या बोर्डाशी आले. हातात पाकीट. "जाताच आहेस तर एवढं दे, बाय. जवळच आहे. दुसरा मजला. वत्सला सामंत." मग पाकीट माझ्या हातात ठेवत, "माझी ताई."

दर्शन घेऊन मी ते घर शोधलं. जुनी चाळ, अंधारा लाकडी जिना. दार उघडलं ते साठीच्या, काटकुळ्या, चष्मेवाल्या बाईंनी. मी पाकीट पुढे केलं.

"अगं बाई, आज पोस्टमन आजारी वाटतं? की मधूला तिकीट सापडलं नाही?" मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "माजिवड्याहून टेंभी नाका! केवढा प्रवास. वाटेत मुक्काम करावा लागला असेल."

मी दारातच खिळले. तो आवाज, ती टोचणी, वाक्याच्या शेवटी दार लावल्यासारखं ते तोंड मिटणं! तीन वर्षं बसमध्ये मी हीच बाई ऐकत होते. सामंतांना इंग्लिश येत नव्हतंच. ते आंटीच्या तोंडी ताईची वाक्यं घालत होते.

चहा झाला. ताई शाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर झालेल्या. आई-वडील लवकर गेले, त्यांनी मधूला वाढवलं, त्याच्या शिक्षणापायी स्वतःचं लग्न राहून गेलं. हे त्यांनी सांगितलं तेसुद्धा कसं? "मला कुणी मागणी घातली नाही म्हणून बरं, नाहीतर याला डबा कुणी दिला असता!" पुढे मधूचं लग्न झालं. भावजयीचं आणि यांचं जमेना. एक दिवस जेवणाच्या ताटावर मधू म्हणाला, "ताई, माझ्या घरात असं बोलायचं नाही."

"माझ्या म्हणाला," ताई म्हणाल्या. "आपल्या म्हणाला असता, तरी मी निघालेच असते. पण जेवून निघाले असते."

त्याला चौदा वर्षं झाली होती. भावजय वारली तेव्हाही ताई तिकडे गेल्या नाहीत. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. आणि मग लाजेपोटी सामंतांना यांच्याकडे येता येईना. ती माझी ट्रंकवाली गोष्ट मला आठवली आणि सामंतांनी पाठ का फिरवली ते कळलं.

ताईंनी माझ्यासमोरच पाकीट फोडलं. नव्या गोष्टीत आत्या खाली उतरत नव्हतीच. बाप साळिंदर जिना चढत होता. एकूण पंधरा पायऱ्या. बाराव्या पायरीवर तो थांबतो, वर बघतो, आणि गोष्ट संपते. ताईंनी ती दोनदा वाचली. मग उठून कपाट उघडलं. आत त्या चाळीसच्या वर प्रिंट, तारखेनुसार लावलेल्या, आणि प्रत्येकीवर लाल पेन्सिल! 'आत्या हे वाक्य म्हणणार नाही.' 'वेलांटी दीर्घ.' 'बटणं सहा नव्हती, पाच होती. एक तू गिळलंस.'

"अहो, तुम्ही सगळं वाचलंय!" मी ओरडलेच. "त्यांना पाठवत का नाही हे?"

"त्याला सांगू नकोस हं," ताई म्हणाल्या. "उगीच चढून बसेल."

निघताना म्हणाल्या, "उद्या दसऱ्याचं श्रीखंड करतेय. एकटीला काही संपत नाही. मांजराला घालते."

मांजर मला कुठे दिसलं नाही. पण मी बावळट, मान डोलावून जिना उतरले.

दसऱ्यानंतर ऑफिसात गेल्या गेल्या सामंतांनी विचारलं, "दिलंस?"

"दिलं."

"काही म्हणाली?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही." आणि दिला शब्द पाळला म्हणून दिवसभर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सामंतांनी त्यानंतर एकही गोष्ट लिहिली नाही. कार्टूनही पुढे बंद झालं. विचारलं तर म्हणायचे, "जिन्यात अडकलंय काम."

फाल्गुनात ऑफिसात फोन आला. ताईंच्या शेजाऱ्यांचा. झोपेतच गेल्या होत्या. तेव्हा चढले सामंत तो जिना, चौदा वर्षांत पहिल्यांदा.

तेरावा झाल्यावर ते कामावर आले, ते काखेत प्रिंटची गुंडाळी घेऊन. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले, मला त्यांनी थांबवून घेतलं. बोर्डावर एकेक प्रिंट पसरत गेले. "हे बघ. सगळं वाचलंन तिने. हे बघ, वेलांटीसुद्धा सोडली नाही." लहान मूल प्रगतिपुस्तक दाखवतं तसे दाखवत होते. शेवटी बारा पायऱ्यांची गोष्ट काढली. तिच्यावर लाल अक्षरांत एकच शेरा होता, 'उरलेल्या तीन पायऱ्यांना काय धाड भरली आहे?' आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मंजूरच्या चौकोनात, सही. वत्सला सामंत. सहीखाली तारीख.

"ही खंडेनवमीची तारीख," सामंत म्हणाले. "तू गेली होतीस त्याच दिवसाची. खरंच काही म्हणाली नव्हती ती?"

खोटं बोलायचं धाडस आता नव्हतं. "म्हणाल्या होत्या," मी म्हटलं. "पण तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या."

"नेमकं काय? तिच्या शब्दांत सांग, बाय."

"'त्याला सांगू नकोस हं. उगीच चढून बसेल.'"

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. जन्मात एक वाक्य सरळ न बोललेली बाई. तीन वर्षं तिची वाक्यं उलटी करून वाचायची सवय झालेली मी, आणि नेमकं हेच एक सरळ घेऊन बसले होते. ऑक्टोबर ते मार्च, पाच महिने. माजिवड्याहून टेंभी नाका, चालत गेलं तरी तासभर लागत नाही. मी रडायलाच लागले. "माझं चुकलं हो, सामंत. मला कळलंच नाही."

सामंत रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते वाक्य दोनदा पुटपुटलं, "चढून बसेल. चढून बसेल." मग एकदम हसले, हसता हसता चष्मा काढला, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले,

"अगं बाय, ती बोलावत होती की गं मला."