सातव्या भागातलं नाव

रविवारी सकाळी दहा वाजता गणपतरावांच्या हॉलमध्ये अकरा माणसं तर्री-पोहे खाऊन टीव्हीकडे तोंड करून बसली होती, आणि टीव्हीवर एक अनोळखी बाई सांगत होती की ती त्यांच्यापासून अवघ्या दोन किलोमीटरवर एकटी आहे.

"दोन किलोमीटर म्हंजे अजनीत राहते का ही?" वच्छलाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"भैय्याजी, बंद करा ते!" गणपतराव ओरडले.

"करून राहिलो ना, जावईबापू! फुलीवर दाबलं का दुसरीच जाहिरात उघडते." लॅपटॉपवर वाकलेले भैय्याजी म्हणाले. बाई गेली, रमी आली. रमी गेली, गुडघ्याचं तेल आलं.

गणपतराव तापट माणूस. धंतोलीत त्यांचं 'रुख्मिणी चष्माघर' आहे, आणि तिथे गिऱ्हाईकसुद्धा हळू आवाजात फ्रेम मागतं. पण त्या दिवशीचा त्यांचा राग शंभर टक्के योग्य होता, हे मी आधीच सांगून टाकतो.

त्यांची एकुलती एक मुलगी सोनिका. तिनं डोळे तपासायचं शिकून दुकानात बसावं, अशी त्यांची इच्छा होती. ती हैदराबादला गेली आणि एका कंपनीत जपानी अ‍ॅनिमेची चित्रं काढायला लागली. "खाली असलेला हात वर जातो ना बाबा, त्याच्या मधातली चित्रं मी काढते," असं तिनं एकदा समजावलं होतं. "मधातलीच? अन् पहिलं अन् शेवटचं कोन काढते?" एवढंच गणपतरावांनी विचारलं होतं. त्यानंतर पाच वर्षं बापलेकीत या विषयावर बोलणं नव्हतं.

आणि मागच्या बुधवारी तिचा फोन आला. मालिकेच्या सातव्या भागात, शेवटी जी नावं येतात त्यांत, पहिल्यांदाच तिचं नाव येणार होतं. गणपतरावांनी फोनवर फक्त "बरं" म्हटलं आणि मग अकरा लोकांना स्वतः फोन करून बोलावलं.

सोनिकानं कोणत्या अ‍ॅपवर पाहायचं, महिन्याचे किती पैसे पडतील, सगळं लिहून पाठवलं होतं. पण मध्ये भैय्याजी आले. हे वच्छलाबाईंचे मोठे भाऊ. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे देणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. "एका भागासाठी महिन्याचे पैसे? येडे झाले का जावईबापू? मी आहो ना!" असं म्हणून त्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि अशी एक साइट उघडली, जिथे जगातला सगळा अ‍ॅनिमे फुकट होता. परवानगी कोणाचीच नव्हती, जाहिराती मात्र सगळ्यांच्या होत्या.

अखेर भाग सुरू झाला. एक मुलगा तलवार घेऊन वाऱ्यात डोंगर चढत होता.

"यातलं आपल्या पोरीचं कोन्तं जी?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"मधातलं," गणपतराव म्हणाले, आणि त्या 'मधातलं'मध्ये पाच वर्षांत पहिल्यांदाच अभिमान होता.

मुलगा डोंगरावर पोचला. पडदा काळा झाला. खालून पांढरी अक्षरं वर सरकायला लागली. गणपतराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. तेवढ्यात अक्षरं कापली गेली, ढोल वाजला आणि पडद्यावर मोठ्ठा चष्मा आला. 'डोळे थकले? आजच या! रुख्मिणी चष्माघर, धंतोली, नागपूर!'

हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"वा गणपतराव! दुकान टीव्हीवर आणलं! याच्यासाठी बोलावलं होय आमाले!" शेजारच्या रुपरावांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला.

गणपतरावांचा चेहरा तर्रीसारखा लालभडक झाला. आणि नेमका त्याच वेळी सोनिकाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, पाहिलं का नाव?"

"नाव नाही आलं. आपल्या दुकानाची जाहिरात आली."

"कुठे लावलं होतं तुम्ही?"

भैय्याजींनी फोनमध्ये डोकं घातलं. "फुकटची साइट आहे बेटा. तुह्या बापाचे पैसे वाचवले."

 सोनिका एकदम बोलायला लागली. "मामाजी, महिनाभर रोज दहा तास बसून काढलं मी ते. काम कमी झालं म्हणून आमच्याकडचे नऊ जण नोकरीवरून काढले, माहीत आहे? हे साइटवाले आमचं फुकट उचलते, आमची नावं कापते अन् त्या जागी जाहिराती लावून कमावते. अन् बाबा, त्याईले पैसे कोन देते? तुम्ही!" फोन बंद झाला.

पाहुणे हळूच चपला शोधायला लागले. गणपतरावांनी जाहिरातीचं काम पाहणाऱ्या सौरवला फोन लावला.

"सौरव, मी तुले जाहिरात द्याले सांगतली होती. माह्या पोरीच्या नावावर चिटकवाले नाही!"

"काका, जागा आपण नाही निवडत, सिस्टीम निवडते. पण रिझल्ट पाहा ना! दिवसभर स्क्रीन पाहणारे पोट्टे, त्यायचेच डोळे खराब. एकदम बरोबर गिऱ्हाइकापर्यंत पोचून राहिलो."

हे खरं होतं. दोन महिन्यांपासून आईबापांचा हात धरून पोरं दुकानात येत होती, आणि हे आपल्या नावलौकिकामुळे होतंय असं गणपतराव समजत होते. त्यामुळे राग आणखी चढला.

"मंग याले जबाबदार कोन?"

"तसा कोनीच नाही, काका."

"आजपासून एक जाहिरात दिसली नाही पाह्यजे मले! एकही!"

भैय्याजींना आता जरा वाईट वाटत होतं. म्हणून त्यांनी साइटच्या तळाची बारीक अक्षरं वाचून दाखवली. "हे पाहा, लिहून आहे. 'आमच्याकडे एकही फाइल ठेवलेली नाही. आम्ही फक्त रस्ता दाखवतो.' चोर नाही जी ते."

"रस्ता दाखवते? लोकायले रामटेकले दर्शनाले नेऊन राहिले का ते?"

तिथेच तक्रारीचा अर्जही होता. गणपतराव भरायला बसले. तुम्ही मूळ मालक आहात की मालकाचे अधिकृत प्रतिनिधी? दोनच चौकोन.

"मी बाप आहो," गणपतराव म्हणाले. "बापानं कुठं टिचकी मारायची?"

तशी सोय नव्हती. त्यांनी शेऱ्याच्या जागेत शुद्ध नागपुरीत मनातलं सगळं लिहिलं आणि पाठवून दिलं. तक्रार मिळाल्याचं उत्तर लगेच आलं. त्याच्याखाली रमी होती.

सोनिकानं सहा दिवस फोन उचलला नाही. गणपतराव गिऱ्हाइकांवर चिडले, फ्रेमवाल्यावर चिडले. खरं तर ते स्वतःवर चिडले होते. पाच वर्षांत एकदा मुलीचं काम पाहायला बसले आणि ते चोरीचं पाहिलं. शनिवारी त्यांनी अ‍ॅपचे वर्षभराचे पैसे भरले आणि तिला निरोप पाठवला : 'उद्या सकाळी दहाला फोन घे. एकदाच.'

रविवारी तीच अकरा माणसं पुन्हा बसली. पोहे नंतर मिळणार होते. सोनिकाला फोनवर घेऊन फोन फुलदाणीला टेकवून ठेवला होता. एकही बाई आली नाही, रमी आली नाही. मुलगा डोंगर चढला, पडदा काळा झाला, अक्षरं सुरू झाली. आणि सगळा पडदा आक्रसून कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला. मध्ये मोठ्या अक्षरांत आलं : 'पुढचा भाग पाच सेकंदांत.'

"अरे, याईले तर पैसे देल्ले मी!" गणपतराव गरजले.

"बाबा, रिमोट! तो कोपरा दाबा!" सोनिका फोनमधून किंचाळली.

"रिमोट कुठं आहे?"

चार. तीन. सगळे उठले. भैय्याजी मात्र उठले नाहीत, म्हणून गणपतरावांनी त्यांना हाताला धरून उठवलं. रिमोट त्यांच्याच खाली होता. दोन. गणपतरावांनी तो दाबला, पडदा पुन्हा मोठा झाला आणि सगळे परत बसले. जपानी अक्षरांची रांग वर जात होती, अधूनमधून बारीक इंग्रजी.

"आता पाहा बाबा, उजवीकडे… खालून तिसरं… हे!"

ते आलं, वर सरकलं आणि गेलं. वच्छलाबाईंनी हात जोडले.

"बारीक आहे," गणपतराव म्हणाले. "पण आहे."

"चला, पोहे!" म्हणत भैय्याजी उठले. त्यांच्यामागे रुपराव उठले, बाकीचेही उठायला लागले.

"बसा!" गणपतराव एवढ्या जोरात ओरडले की फुलदाणीजवळचा फोन आडवा पडला. "उठता कुठं? नावं संपली का? या बाकीच्यायचेही कुठं तरी आईबाप असतीन. बसा गुमान!"

अकरा माणसं खाली बसली. फोन पुन्हा उभा केला तेव्हा सोनिका डोळे पुसत होती. पुढची दीड मिनिटं हॉलमध्ये कोणी हललं नाही. भैय्याजी मान वाकडी करून जपानी नावं वाचायचा प्रयत्न करत होते.