ताकदीची सीलबंद निविदा

खरेदी विभागाच्या बैठकीत तक्तेबुवांना पुन्हा डुलकी लागली आणि या खेपेला ते चक्क घोरले, तेव्हा प्रकरण हाताबाहेर चाललंय हे त्यांच्याही ध्यानात आलं. वेळही नेमकी वाईट होती. पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात खरेदी व्यवस्थापकाची खुर्ची रिकामी होती आणि मोठे साहेब लवकरच तिच्यावर कोणाला तरी बसवणार होते. दावेदार दोनच. एक तक्तेबुवा आणि दुसरे, ज्यांना सगळा कारखाना पाठीमागे ‘होयबा’ म्हणे, ते गृहस्थ. होयबांना खरेदीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मोठ्या साहेबांना शिंक येण्याआधी त्यांचा रुमाल पुढे येई. शिवाय दुपारच्या बैठकीत ते टक्क जागे असत.

तक्तेबुवांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. कारखान्यासाठी नटबोल्ट घ्यायचे असोत की घरासाठी कुकर, ते आधी तक्ता आखत, रकान्या-रकान्याला गुण देत आणि ज्याची बेरीज जास्त तो माल उचलत. गुण देताना पुरवठादाराचं नाव कागदाखाली झाकलेलं असे. "नाव दिसलं की माणूस विकला जातो," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. खरेदी विभागाच्या नावाने आलेलं प्रत्येक खोकं मोठ्या साहेबांसमोरच उघडायचं, हा नियमही त्यांचाच. पुरवठादारांनी भेटी पाठवून कोणाला फितवू नये म्हणून तो केला होता. त्यामुळे विभागात कित्येक वर्षांत साधं पेनसुद्धा फुकट आलं नव्हतं आणि विभाग त्याबद्दल बुवांच्या नावाने बोटं मोडत असे.

"डॉक्टरांकडे जा," बायको म्हणाली. "आणि रात्री जेवणं झाल्यावर ते तक्ते पसरून जागत बसणं आधी बंद करा."

"डॉक्टर काय सांगणार? जीवनसत्त्वं कमी पडतायत. ती मला निवडता येत नाहीत होय?"

"मागच्या उन्हाळ्यात पंखा निवडायला घेतला होतात. तो घरात आला तेव्हा आम्ही स्वेटर घालून बसलो होतो."

बुवांनी हे कानाआड केलं आणि कॉलेजात जाणाऱ्या लेकीला फर्मान सोडलं. "औषधांच्या दुकानात जा. मल्टिव्हिटॅमिनचे जेवढे प्रकार असतील त्यांची एकेक बाटली आण. बाटलीला कोरा कागद गुंडाळ आणि वर अ, ब, क, ड घाल. नाव, चित्र, जाहिरात, काही दिसता कामा नये. मागचा घटकांचा मजकूर तेवढा उघडा ठेव."

संध्याकाळी टेबलावर पांढऱ्या कागदातल्या बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या. लेकीचा चेहरा मात्र काहीतरी दाबून धरल्यासारखा लाल झाला होता.

"बाबा, दुकानदार विचारत होता, कोणासाठी हवंय?"

"सांगितलं नाहीस ना?"

"नाही. मग त्याने सगळ्यांसाठीचं दिलं."

"शाबास! गिऱ्हाईक कोण ते कळलं की हे लोक वाट्टेल ते गळ्यात मारतात."

"पण बाबा, त्यातलं ते ‘ड’ आहे ना, ते—"

"हूं नाही की चूं नाही! निविदा सीलबंद आहे."

आणि बुवा तक्त्यात बुडाले. नमुना ‘ब’ पहिल्याच फेरीत बाद झाला. "लोह शून्य! शून्य! गोळ्या विकतात की खडू?" असं म्हणून त्यांनी ती बाटली दूर सारली. वास्तविक ‘ब’ हा पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठीच बनवलेला होता आणि त्यांना वरून लोह सहसा लागत नाही म्हणून ते घातलेलं नव्हतं. जगात तक्तेबुवांच्या मापाची अशी एकच बाटली होती आणि ती त्यांनी हाताने ढकलली. ‘ड’ने मात्र मैदान मारलं. लोह सगळ्यांत जास्त, फॉलिक अ‍ॅसिड सगळ्यांत जास्त. बुवा खुश होऊन म्हणाले, "याला म्हणतात माल! एका गोळीत दोन माणसांचं भागेल!"

लेक उठून स्वयंपाकघरात पळाली. तिथे तिने आईच्या कानात सांगितलं की ‘ड’ गरोदर बायकांसाठी आहे. मग बराच वेळ आतून विनाकारण भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

"अगं, पण यांना काही अपाय?" डोळे पुसत आईने विचारलं.

"मी दुकानदाराला फोन केला. थोडे दिवस घेतल्याने काही बिघडत नाही म्हणाला. पोट तेवढं साफ होणार नाही."

पोट साफ होईनासं झालंच. पण बुवांनी त्याचाही चांगलाच अर्थ लावला. "औषधाने शरीरात ठाण मांडलंय," असं ते ऑफिसात सांगू लागले. कागद गुंडाळलेली बाटली ते आता टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवत आणि जिना चढून आले की मुद्दाम धाप न लागल्याचं दाखवत. डुलक्या थांबल्या नव्हत्या. पण आता त्या ताकदीच्या डुलक्या आहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. भरघोस मिशांचे भांडारप्रमुख आधी नुसते ऐकत होते, मग त्यांनी एक गोळी मागून घेतली. मग रोजच मागू लागले. पाठोपाठ हिशेबनीस आले, टंकलेखक आले. शेवटी बुवांनी सगळ्या विभागासाठी एक डझन बाटल्या मागवायचं ठरवलं.

"बाबा, आता तरी नाव बघा," फोनवर मागणी नोंदवता नोंदवता लेक कळवळून म्हणाली. "बाटल्या थेट ऑफिसात येतील. तिथे कागद लावायला मी नसेन."

"येऊ दे उघड्या. ज्याचे आकडे खणखणीत, त्याने नावाला का भ्यावं?"

"मी सांगितलं नाही असं मग म्हणू नका."

त्या दिवसांत ऑफिसात आणखी एका गोष्टीची कुजबुज होती. एरवी फाटकातून सुसाट येणारी मोठ्या साहेबांची गाडी हल्ली मुंगीच्या पावलांनी येई आणि एकेक खड्डा चुकवत जाई. कधीकधी मागे साहेबांची सूनबाई बसलेली दिसे. होयबांनी ड्रायव्हरला चहा पाजून पाहिला, खांद्यावर हात टाकून पाहिला. ड्रायव्हर चहा प्यायला आणि तोंड पुसून गाडीकडे निघून गेला.

निवडीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी दोघांनाही आपल्या केबिनमध्ये बोलावलं. होयबा साहेबांच्या टायचं कौतुक संपवून बुटांकडे वळत होते, एवढ्यात शिपाई खोकं घेऊन आत आला.

"खरेदी विभागाचं आहे. नियमाप्रमाणे इथेच उघडायचं ना?"

"नियम यांचाच आहे," साहेब बुवांकडे बघत म्हणाले. "उघडा."

शिपायाने चिकटपट्टी फाडली. आतून गुलाबी बाटल्या निघाल्या. प्रत्येक बाटलीवर पोटावर हात ठेवून हसणारी एक बाई होती आणि खाली ठळक अक्षरांत ‘होणाऱ्या आईसाठी’ असं छापलेलं होतं. प्रत्येक बाटलीबरोबर एकेक खुळखुळा मोफत होता. त्यातला एक निसटला आणि टेबलावरून घरंगळत, वाजत, साहेबांच्या हाताशी जाऊन थांबला.

लेकीचा तो लालबुंद चेहरा, ती आपटलेली भांडी, सगळ्याचा उलगडा बुवांना एका क्षणात झाला. आपण रोज सकाळी काय गिळत होतो हे आठवून त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

होयबांना तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. "हे काय बुवा, या वयात? पेढे—"

"गप्प बसा!" मोठे साहेब ओरडले. त्यांनी खुळखुळा उचलला होता आणि त्यांचे डोळे पाणावले होते. "तुम्हाला कोणी सांगितलं, बुवा? आम्ही अजून नातेवाइकांनाही कळू दिलेलं नाही. ड्रायव्हर बोलला का?"

"नाही, साहेब," बुवा म्हणाले. हे अगदी खरं होतं.

"मग गाडीच्या चालीवरूनच ओळखलंत! काय नजर आहे! आणि आणलंत ते काय, तर बाळंत होईपर्यंत पुरेल एवढं! आमच्या सुनेचा असा विचार आमच्या सख्ख्या भावाने केला नाही." मग ते होयबांकडे वळले. "आणि तुम्ही रोज माझ्या गाडीचं दार उघडता. तुम्हाला काही दिसलं नाही?"

बुवांनी तोंड उघडलं. सगळं खरं जिभेच्या टोकावर आलं होतं. नाव झाकून गुण दिले, साहेब. ही भेट नाही, हा माझा गाढवपणा आहे. एवढं म्हटलं की आयुष्यभराचं तत्त्व वाचत होतं. मग काचेपलीकडची व्यवस्थापकाची केबिन त्यांना दिसली. तिथली रिकामी खुर्ची गुबगुबीत होती.

"अभिनंदन, साहेब," तक्तेबुवा म्हणाले. "सूनबाईंना म्हणावं, लोह भरपूर आहे."

संध्याकाळी नेमणुकीचा हुकूम निघाला. तोवर शिपायाने खोक्याची हकीकत सगळ्या विभागात पोचवली होती. ती ऐकल्यापासून भांडारप्रमुखांना सकाळी मळमळायला लागलं, ते आजतागायत. होयबा मात्र हार मानणारे नव्हते. दुसऱ्याच दिवशी ते नव्या केबिनमध्ये आले आणि हात जोडून उभे राहिले.

"आम्ही जन्मभर रुमाल घेऊन धावलो, बुवा. तुम्ही एकच खोकं मागवलंत. आम्हाला शिकवा."

हे बुवांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी त्या दिवशी एकही तक्ता आखला नाही.

घरी लेकीने एवढंच विचारलं, "खरं काय ते सांगितलंत ना त्यांना?"

"वेळच मिळाला नाही," बुवा म्हणाले आणि भाजी कशी छान झाली आहे ते बोलू लागले. लेकीने ‘ब’ बाटलीवरचा कागद सोडवला आणि ती त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. बुवांनी ना बाटलीकडे बघितलं, ना लेकीकडे.

शेवटी बायकोने त्यांना ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे बघितले, दिनक्रम विचारला. "तुम्हाला कुठल्याच गोळीची गरज नाही," ते म्हणाले. "झोप काढा."

व्यवस्थापकाच्या केबिनला दार आहे आणि दाराला आतून कडी आहे. बुवा आता रोज दुपारी जेवणानंतर कडी लावून घेतात. अशक्तपणा कुठल्या कुठे पळालाय. तेवढा वेळ दाराबाहेर होयबा तोंडावर बोट ठेवून उभे असतात.