खंडेराव गाडीतून उतरेनात, त्याची हकीकत

श्री नवश्या गणपती साह्य.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, वार रविवार, ते दिवशी आडगाव नाक्यापलीकडे हमरस्त्यास लागून जो जंग जाहला, त्याची हकीकत विचारणारे पुष्कळ, सांगणारे त्याहून पुष्कळ, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. सबब खरे ते कागदावर राहावे आणि पुढे भाऊबंदांनी तोंडास येईल तो भाव सांगू नये, म्हणोन हे लिहिले असे.

खासे खंडेराव पगार, उमर पंचाहत्तर, मूळ मुलूख नांदगाव, हल्ली मुक्काम सिडको, पुत्र सोमनाथराव यांजपाशी. सोमनाथराव अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. कारखान्यात दीडशे माणसांवर हुकूम, घरात कोणावर नाही. सून सौ. सगुणाबाई, शाळेत गणित शिकवितात, आणि घरची मसलत यांचे हाती. वाहन एक. पांढरे, अकरा वर्षांचे, आणि इतके ठेंगणे की त्यात बसावयाचे नसे, पडावयाचे असे. आणि पडणे एकवेळ साधे, परंतु निघणे दुर्घट.

गेल्या चैत्री विंचूरास एक साखरपुडा होता. तेथे मांडवाच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी राहिली, आणि खंडेरावांचे गुडघे उठेनात, आणि दोघा तरण्या सोयऱ्यांनी बगलेत हात घालून त्यांस बाहेर ओढिले, आणि टोपी पडली, आणि वाजंत्री थांबली. थांबावयास नको होती. ते दिवसापासून खंडेरावांनी लग्न, जावळ, दशक्रिया सर्व वर्ज्य केले. कारण पुसता म्हणत, "बाहेरचं जेवण सोसत नाय." जेवण सर्व सोसत होते.

मग नांदगावाहून वडील बहीण कुसाबाई यांचा फोन आला. कुसाबाईंस एक्याऐंशीवे सरत आले, येत्या गुरुवारी सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ, पाचशे पान उठणार. कुसाबाईंनी फर्मान सोडिले ते असे की, खंडू नाय आला तर मी पाटावर बसणार नाय, मग ओवाळा त्या पाटाला. खंडेरावांनी फोन कानाचा काढून खाली ठेविला आणि भिंतीकडे पाहत राहिले. ते सगुणाबाईंनी पाहिले. तेच क्षणी मोहीम ठरली: ठेंगणी देऊन उंच घेणे, आणि तेही गुरुवारचे आत.

खजिना मोजिता साडेचार लाख निघाले. अधिक एक रुपया नाही.

हमरस्त्यावर हनीफशेठ यांचे जुन्या गाड्यांचे मैदान. शेठ साठीचे, दाढीस मेंदी, बोलणे मऊ, पदरी शंभर गाड्या. त्यांत एक राखाडी, चार वर्षांची, उंच, जिचे आसन माणसाच्या कमरेशी येते. तिचा भाव शेठांनी सहा लाख नव्वद हजार सांगितला आणि त्यात घट करणे हे आपले मजहबात नाही ऐसे हसून कळविले. सगुणाबाईंनी मनात वजाबाकी केली. पांढरीचे दोन लाख चाळीस आले तर राखाडी आपली. न आले तर खंडेराव भिंतीकडे पाहणार.

मग शेठांचे पदरचे पारखी धनराज पुढे सरसावले. यांचे हाती एक यंत्र, जे पत्र्यास लाविता रंगाची जाडी सांगते, आणि जाडी सांगते म्हणजे कोठे ठोकर लागली ते सांगते. धनराज पांढरीभोवती प्रदक्षिणा घालीत आणि यंत्र टुंई करी, आणि प्रत्येक टुंईस सोमनाथरावांची मान एक बोट खाली जाई. डावे दार पुन्हा रंगविले, सबब उणे. मागचे टायर गोटा, सबब उणे. दुसरी चावी कोठे, ऐसा सवाल जाहला. ती गेल्या सिंहस्थात गंगेवर पडली, ऐसा जबाब जाहला. चावी कोणत्या कारणे पडली याशी दप्तरास काम नाही, आठ हजार उणे. शेवटी धनराजांनी मागचे दार उघडून आत डोके घातिले आणि हुंगिले.

"कांदा भरला होता?"

"कधीच नाही," सोमनाथराव वदले.

"दोन गोणी," खंडेराव वदले. "विंचूरला. मार्केटला भाव बरा होता."

बाप सत्यवचनी असला म्हणजे पुत्राने काय करावे, याचा विचार शास्त्रांनी केलेला नाही. वासाचे पाच हजार उणे.

एकूण हिशेब होऊन शेठांनी पांढरीचा भाव एक लाख पंचाहत्तर हजार फर्माविला. तटास पासष्ट हजारांचे खिंडार पडिले. वर शेठांनी हळूच सांगितले की, राखाडीस दुसरे गिऱ्हाईक आहे, इगतपुरीचे, पाच वाजता येणार. हे दुसरे गिऱ्हाईक प्रत्येक मैदानात असते आणि कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, हे जाणून सगुणाबाईंनी ते हिशेबात धरिले नाही.

मग शेठांच्या कचेरीत बसल्या बसल्या सगुणाबाईंनी मेजाखालून पतीस व्हॉट्सअ‍ॅपने खलिता रवाना केला. तो जसाच्या तसा:

*आता उठा. चिडलेलं दाखवा. मी आबांना घेऊन पुढे होते. मागे वळून अजिबात बघायचं नाही. ते हाक मारतातच.*

हा डाव मेनरोडच्या साड्यांच्या दुकानांत वीस वर्षे चाललेला, कधी फसलेला नव्हता. परंतु साडीच्या दुकानातून माणूस पायऱ्या उतरून निघून जातो. येथे निघून जाणे म्हणजे पांढरीत बसणे. हे मसलतीत राहून गेले.

पहिले मिनिट. तिघेही ताठ मानेने पांढरीपाशी पोहोचले. शेठ कचेरीतून उठले. हाक ओठांवर.

तिसरे मिनिट. काठी आत गेली. मग डोके. मग डोके बाहेर, कमर आत.

पाचवे मिनिट. सोमनाथराव लोटतात.

"आबा, डावा पाय घ्या."

"हा डावाच हाय."

"मग उजवा."

"उजवा मघाशी तुझ्याच हातात दिला की."

सातवे मिनिट. शत्रूच्या गोटातून धनराज खुर्ची घेऊन धावत आले.

आठवे. शत्रूने पाणी पाजिले.

नववे. हनीफशेठांनी स्वतः दार धरिले आणि, "चाचा, आरामसे, आरामसे, टोपी सांभाळा," ऐसे म्हणत खंडेरावांचा पाय आत ठेविला.

ज्या फौजेच्या निघून जाण्यास शत्रूने हातभार लावावा, त्या निघून जाण्याचा धाक तो काय! शेठांनी एवढ्या अवधीत सर्व जाणिले. यांस राखाडी पाहिजेच, आणि आजच पाहिजे, हे त्यांस गुडघ्याने सांगितले. ते म्हणाले की, इतकी तकलीफ घेतलीच, तर जाता जाता चाचांनी उंच गाडीत बसून तर पाहावे, बसायचे पैसे नाहीत. यात दया होती आणि धंदाही होता, आणि दोन्ही वेगळे काढणे शेठांसही जमले नसते.

मग खंडेरावांस पांढरीतून काढिले. त्यास काय सायास पडले ते वर्णन करीत नाही, सारे विंचूरासारखेच, वाजंत्री नव्हती एवढेच अंतर.

आणि खंडेराव राखाडीपाशी आले. दार उघडिले. आसन कमरेशी आले. काठी सोमनाथरावांकडे दिली, आणि बसले. जसे घरी ओट्यावर बसतात तसे बसले. मग दार आपण होऊन लाविले आणि काचेतून बाहेर, थेट हमरस्त्यापर्यंत, पाहत राहिले.

"कैसा लगा, चाचा?"

"झकास."

"मग उतरा आता, आत चहा घेऊ."

खंडेराव हलले. थांबले. गुडघ्यावर हात ठेविला.

"धरला," ते म्हणाले.

"काय धरला?"

"गुडघा. बसला का धरतो. सुटंल. घाई करू नये, डॉक्टर म्हणतो."

सोमनाथराव पांढरे पडले आणि मलम शोधण्यास धावले. सगुणाबाई धावणार, तोच त्यांनी पाहिले की आबांनी आसनाखालचा दांडा ओढून आसन मागे सारिले, पाय सैल सोडिले आणि एसीची झडप आपल्याकडे वळविली. ज्याचा गुडघा धरतो तो झडप वळवीत नाही. सगुणाबाई जागच्या जागी थांबल्या, पदर सावरला आणि डोळ्यांत काळजी आणिली. गड चढला होता. आता तो सोडावयाचा नव्हता.

साडेचार वाजले. चहा गाडीतच गेला. पावणेपाच वाजले. दुसरा चहा गेला. धनराजांनी दार उघडून हात पुढे केला तो खंडेराव असे कण्हले की शेजारच्या मैदानाची माणसे कुंपणाशी आली.

आणि दैवगती पाहा, पाच वाजता इगतपुरीचे गिऱ्हाईक खरेच आले.

नवरा, बायको आणि सासू, असे तिघे, भाड्याच्या गाडीने; नाव झिपरू भले, रेल्वेत नोकरी. ते राखाडीभोवती फिरले आणि पुढच्या काचेत त्यांस एक म्हातारा चहा पिताना दिसला. शेठांनी सांगितले की हे उतरतातच आहेत. खंडेरावांनी काच खाली केली आणि पाहुण्यांस आत बोलाविले.

"या, मागं बसा. जागा लय हाय. कुठले तुम्ही?"

"इगतपुरी."

"लय पाऊस तुमच्याकडं. पत्र्याला गंज लवकर. खालून पाहिली का गाडी?"

झिपरूराव वाकून खालून पाहू लागले. शेठांनी घसा खाकरला.

"चाचा, आप आराम करो ना."

"आरामच करतो. अन् ताई, एक सांगतो. आमच्या गाडीत कांद्याचा वास, त्याचे ह्या साहेबांनी पाच हजार कापले. बरोबर हाय, वास हाय तर कापणारच. आता ह्या गाडीत घ्या वास. कशाचा हाय?"

झिपरूरावांची सासू आत डोके घालून हुंगली. "अत्तराचा."

"अत्तर. कांदेवाला काय लपवत नाय, ताई. अत्तर कोण मारतं, तुम्हीच सांगा."

हे वाक्य मैदानभर गेले. सासूने सुनेकडे... चुकले, मुलीकडे पाहिले. मुलीने नवऱ्याकडे पाहिले. आणि नवऱ्याने त्या पलीकडच्या तांबड्या गाडीचा भाव काय, ऐसे धनराजांस विचारिले. तिघे तिकडे गेले. राखाडीपाशी एकटे हनीफशेठ उरले, आणि आत खंडेराव, आणि दाराशी सगुणाबाई.

शेठांनी टोपी काढून डोके खाजविले. म्हणाले, "ताई, आप सच्ची बताओ. यांचा गुडघा किती वेळ धरतो?"

"एकदा वसुबारसेला धरला होता," सगुणाबाईंनी गंभीरपणे सांगितले. "भाऊबीजेला सुटला."

शेठ हसू लागले. प्रथम दाढीत, मग उघड. मग खिडकीशी वाकून म्हणाले, "चाचा, धंदा बंद कर दूँ क्या? दोन लाख वीस."

खंडेराव काच वर करू लागले.

"दोन पंचवीस. अरे, माझ्या पण घरी म्हातारी आहे!"

"तिला पण घेऊन ये. मागं जागा लय हाय."

एणेप्रमाणे जाबसाल होऊन तह ठरला. पांढरीचे दोन लाख पस्तीस हजार धरावे. दुसऱ्या चावीचा विषय गंगार्पण समजावा. राहिलेले पाच हजार सगुणाबाईंनी सोमनाथरावांच्या दिवाळीच्या बोनसातून काढून द्यावे; तो बोनस घरात माहीत आहे, याची सोमनाथरावांस आजवर खबर नव्हती. टाकी अर्धी भरून द्यावी. आणि अत्तराची बाटली शेठांनी काढून घ्यावी. कागद जाहले. बयाणा नव्हे, पुरती रक्कम पोहोचली.

मग शेठांचे रिवाजाप्रमाणे विकल्या गाडीस हार घालून, नारळ फोडून, गिऱ्हाईकासह फोटो काढावयाचा असतो. धनराजांनी हार घातिला, मोबाईल कोणा एकाकडे दिला, आणि शेठांनी सांगितले की फोटोपुरते चाचांस उतरवून घ्या. धनराज खुर्ची घेऊन धावले. सोमनाथराव मलम घेऊन पोहोचले होते, त्यांनी दोन्ही हात पुढे केले. शेठांनी स्वतः एक हात पुढे केला.

खंडेरावांनी दार उघडिले. उजवा पाय जमिनीस लागला. डावा लागला. आणि उभे राहिले.

"चाचा! वो घुटना?"

"तो ठेंगण्या गाडीत धरतो," खंडेराव म्हणाले. "हिच्यात त्याला काय काम?"

त्याच क्षणी फोटो निघाला. तो शेठांचे स्टेटसला एक दिवस होता आणि नांदगावास कुसाबाईंचे मोबाईलवर कायम आहे, आणि या जंगाचा अस्सल दाखला तोच होय. त्यात धनराजांचे हातात खुर्ची आहे, सोमनाथरावांचे दोन्ही हात पुढे आहेत, हनीफशेठांचा एक आहे, आणि पुढे केलेला एकही हात कोणी धरिलेला नाही. कारण खंडेराव त्या सर्वांच्या एक पाऊल पुढे, दोन्ही हातांनी आपली टोपी नीट करीत उभे आहेत. रविवार, सायंकाळी पाच वाजून पन्नास मिनिटे, मुक्काम आडगाव. फत्ते जाहली. दप्तरी नोंद केली असे.