एक पॉइंट चार आणि दोन मामा

जगात स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टींची संख्या मर्यादित असावी, हा कोणत्याही प्रगत समाजाचा पहिला नियम आहे. हौशी छायाचित्रकारांइतक्या निष्ठेने तो दुसरं कुणी पाळत नाही. त्यासाठी लेन्सच्या पोटात एक भोक ठेवलेलं असतं, त्याला अॅपर्चर म्हणतात. भोक मोठं केलं की उजेड भरपूर येतो आणि फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. लहान केलं की पुढचं-मागचं सगळंच दिसायला लागतं, आणि फोटो कुणीही काढल्यासारखा वाटतो. भोक मोठं तेव्हा त्याचा आकडा लहान असतो. (नवशिके इथे गोंधळतात. गावकीत वावरलेली माणसं गोंधळत नाहीत, कारण पद जेवढं लहान तेवढी छाती मोठी, हे त्यांनी पाहिलेलं असतं.)

अवसरी बुद्रुकच्या गोकुळला हे तोंडपाठ होतं. त्याचं मंचरला ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईकाने व्हॉल्व्ह मागितला की तो व्हॉल्व्ह फिरवत अॅपर्चर समजावून सांगे, आणि गिऱ्हाईक घासाघीस न करता वस्तू घेऊन पळे, त्यामुळे दुकान बरं चालायचं.

गोकुळ 'कुकडी-घोड हौशी छायाचित्रकार मंडळा'चा आजीव सभासद होता. मंडळ मोबाईलवर भरतं. एकूण सभासद एकसष्ट. त्यांपैकी बिबट्याच्या फोटोसाठी लांब पल्ल्याची लेन्स बाळगणारे चव्वेचाळीस, बिबट्या पाहिलेले सव्वीस, आणि त्या वेळी लेन्स घरी राहिलेलेही तेच सव्वीस. मंडळाच्या संग्रहातला बिबट्याचा एकमेव फोटो बोरी बुद्रुकच्या एका पोल्ट्रीवरच्या सीसीटीव्हीने काढला असून, त्या कॅमेऱ्याला सभासद करून घ्यावं का, यावर मतभेद आहेत. फोटो काढण्यात वेळ जात नसल्यामुळे मंडळाला लेन्सवर विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

मंडळाच्या शास्त्राप्रमाणे पस्तीस मिलिमीटरची लेन्स माणसांत मिसळणाऱ्यांसाठी, पन्नासची निर्णय न होणाऱ्यांसाठी, पंच्याऐंशीची ज्यांना माणसाचा फक्त चेहरा हवा आहे त्यांच्यासाठी, आणि सहाशेची ज्यांना माणूसच नको आहे त्यांच्यासाठी असते. गोकुळ कित्येक महिने पन्नास आणि पंच्याऐंशीच्या मध्ये लटकून राहिला होता. लग्न ठरवतानाही त्याने इतके आढेवेढे घेतले नव्हते, असं त्याची बायको हर्षाली सांगते. (तिच्या बोलण्यात खंत आहे की तक्रार, हे नोंदवून ठेवलेलं नाही.)

या काळात गोकुळच्या आईचं, साळुबाईंचं, एक किरकोळ काम त्याच्याकडे पडून होतं. साळुबाईंचं माहेर वारूळवाडी. त्यांना दोन थोरले भाऊ, धर्माजी आणि गेणभाऊ. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आहे, आणि तो दर नांगरटीला चार बोटं सरकतो, असं दोघांचंही म्हणणं आहे, फक्त दिशा वेगवेगळी आहे. त्या चार बोटांपायी दोघं एकमेकांच्या दारात जात नव्हते. एका लग्नात जेवले तर वेगवेगळ्या पंगतींना जेवत. साळुबाईंनी आजवर काही मागितलं नव्हतं. आता पासष्टी उलटल्यावर मागितलं ते एवढंच.

"मला दोगा भावांच्या मधी हुबं राहून येक फोटू पायजे," त्या म्हणाल्या. "भितीवर लावीन. बाकी काय नको."

धाकटी लेक मोहिनी हिच्या साखरपुड्याला दोघे भाऊ आले, तेव्हा साळुबाईंनी हातापाया पडून त्यांना शेजारी शेजारी उभंही केलं. गोकुळने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली ही लेन्स प्रसंगाला न्याय देऊ शकणार नाही, असा निकाल दिला. हर्षालीने मोबाईल काढला, तर मोबाईलचा ब्लर, म्हणजे मागचं धूसर करणं, खोटा असतो, म्हणून त्याने तो खाली करायला लावला. तेवढ्यात धर्माजींना बांध आठवला आणि ते निघून गेले.

त्यानंतर मात्र गोकुळने कंबर कसली आणि पंच्याऐंशीची, एफ एक पॉइंट चारची, म्हणजे भोक भलं मोठं उघडणारी लेन्स आणली. तिला हळदकुंकू वाहिलं. मंडळाने एकमताने अभिनंदन केलं आणि बजावलंही, की ही लेन्स घेऊन आठवर, म्हणजे बारीक भोकाने, फोटो काढणं म्हणजे शर्यतीच्या घाटात पळणारा बैल घेऊन त्याला उसाच्या गाडीला जुंपणं. गोकुळने शब्द दिला. एक पॉइंट चारला आठ-नऊ फुटांवरच्या माणसाचा फोटो काढला, तर स्पष्ट पट्टा साधारण चार बोटांचा मिळतो, बाकी सगळं लोण्यासारखं वितळतं. गोकुळने ठिबकच्या नळ्यांचे तीन गठ्ठे ओळीने मांडून त्याची खात्री करून घेतली. एक गठ्ठा अप्रतिम आला.

मोहिनीचं लग्न मंचरच्या मंगल कार्यालयात होतं. नवरीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं, त्यामुळे दोन्ही मामांना येणं भाग होतं. हा मान कोणाचा यावर वऱ्हाड बराच वेळ खोळंबलं, शेवटी एकाने उजवा हात धरला आणि दुसऱ्याने डावा, आणि मोहिनी दोन पोलिसांमध्ये चालल्यासारखी बोहल्यावर पोचली. अक्षता पडल्यावर साळुबाईंनी संधी साधली. डोळ्यांत पाणी आणून दोघांना मांडवाच्या कडेला नेलं, आणि दोघं आलेही. एकच फोटो, अशी दोघांची अट होती. लग्नासाठी ठरवलेला फोटोवाला पुढे झाला, पण तो पाच पॉइंट सहावर काढतो हे माहीत असल्याने गोकुळने त्याला आग्रहाने जेवायला पाठवलं.

"समद्यांची तोंडं येतील आसं काढा, म्हंजी झालं," हर्षाली म्हणाली. तोंडं येणं आणि फोटो येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, असं गोकुळने तिला हसून समजावलं.

आता शेजारी उभं राहायचं म्हणजे कुणीतरी मागे दिसण्याचा धोका आला. धर्माजी थोडे पुढे सरले. गेणभाऊ त्याहून थोडे पुढे सरले. अशा रीतीने सगळा गट हळूहळू कॅमेऱ्याच्या दिशेने निघाला आणि गोकुळ मागे मागे हटत गेला. त्याची पाठ एका मोठ्या कूलरला टेकली, तेव्हा ही वाटचाल नाइलाजाने थांबली. थांबली त्या क्षणी गेणभाऊ चार बोटं पुढे होते. साळुबाईंनी दोघांचे हात घट्ट धरून त्यांना मागे ओढून ठेवलं होतं, त्यामुळे त्या स्वतः त्यांच्या आणखी मागे राहिल्या. त्या हसत होत्या. कॅमेऱ्याने आपल्या हुशारीने सर्वात जवळचा डोळा शोधला आणि गोकुळने बटण दाबलं.

फोटो अजोड आला. गेणभाऊंच्या उजव्या डोळ्याच्या पापण्या मोजता येत होत्या. मागच्या रोषणाईचे गोल गोल हिरवे-पिवळे गोळे झाले होते. मंडळात त्यावर त्रेपन्न अंगठे आले. त्या गोळ्यांचा गोलपणा पाहून एका ज्येष्ठ सभासदाने, आता बिबट्या नाही मिळाला तरी चालेल, असे उद्गार काढले.

घरच्या ग्रुपवर हा फोटो जरा वेगळ्या नजरेने पाहिला गेला. मला मुद्दाम पुसलं, असं धर्माजींचं म्हणणं पडलं. गोकुळने पट्ट्याचं शास्त्र सांगून, गेणामामा चार बोटं पुढे होते एवढंच कारण आहे, असा लेखी खुलासा केला. धर्माजींना हाच पुरावा हवा होता. जो माणूस भाचीच्या लग्नात, फोटोत, सगळ्यांदेखत चार बोटं सरकतो, तो बांधावर काय करत असेल, असं त्यांनी सगळ्या वारूळवाडीला विचारलं आणि फोटो वकिलाला पाठवला. गेणभाऊंनी कळवलं, की खरा माणूस स्वच्छच दिसतो. धर्माजींच्या घरातले निम्मे लोक ग्रुप सोडून गेले. दोघांनी पुन्हा एकत्र उभं राहायचं नाही, असं दोन्ही घरांत ठरलं, आणि बऱ्याच वर्षांत एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती.

एवढं सगळं झाल्यावर गोकुळने तो फोटो मोठा करून, काचेची चौकट लावून आईपुढे धरला. साळुबाईंनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला.

"त्यांचं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ह्यात मी कुठली रं?"

गोकुळने मधल्या पिवळ्या धुरकट डागावर बोट ठेवलं आणि हे तुझं लुगडं, असं सांगितलं.

"लुगडं वळाखलं मी. तोंड कुठंय?"

गोकुळला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत त्याने त्या फोटोतले दिवे पाहिले होते, पापण्या पाहिल्या होत्या, कडांवरची झिलई पाहिली होती. आईला पाहायचं राहून गेलं होतं. मंडळाला दिलेला शब्द मोडून, आता आठवर काढतो, असं तो पुटपुटला.

"काढ की," साळुबाई म्हणाल्या. "पन दोगांना आता कुठून आनू?" आणि त्या भाकरी टाकायला आत गेल्या.

वाचकांनी गोकुळला खुशाल नावं ठेवावीत. आपल्याही मोबाईलमध्ये घरच्या कार्यातला, सगळे ओळीने उभे आहेत असा एखादा फोटो असेल. आपले डोळे मिटलेले नाहीत, पोट आत आहे, एवढं पाहून 'झकास आलाय' म्हणत आपण तो चार ठिकाणी पाठवलाही असेल. आता तो न उघडता सांगा, त्यात आई कुठे उभी आहे.