पन्नी काढू नये

आसगावात कापूस पिकत नाही हे आसगावात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त शासनाला कळवायचं राहून गेलं. पवनी तालुक्यातलं हे गाव धानाचं. तरी धनीरामनं घरामागच्या बरडावर, जिथे धानाला पाणी चढत नाही तिथे, अर्धा एकर कापूस लावला, कारण त्याच्या बायकोनं, शकुननं, तसं फर्मावलं होतं. पोरगी रंजूचं लग्न ठरलं होतं. "माह्या पोरीची गादी-रजई घरच्याच कापसाची होईन," हा शकुनचा हट्ट. बाजारच्या गादीत काय काय कोंबतात ते तिनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्या दिवशी ती जेवली नव्हती.

पीक पाहायला आलेल्या माणसानं त्या कापसाचा फोटो काढून वर पाठवला. वरच्या संगणकानं हिशोब केला: गेल्या वर्षी कापूस शून्य, यंदा आहे. शून्यावरून झालेली वाढ कितीही असो, ती अफाटच. आसगाव 'झपाट्याने उदयास येणारे कापूस क्षेत्र' ठरलं. उदयास येणाऱ्या गावाला काहीतरी पाठवावंच लागतं. म्हणून यंत्र आलं.

यंत्र धनीरामच्या घरापेक्षा उंच. ते कापूस वेचायचं, पोटातल्या पोटात त्याचा गोल गठ्ठा करायचं आणि गठ्ठ्याला आपणच प्लास्टिकची पिवळी पन्नी गुंडाळायचं. वेढे किती द्यायचे, थांबायचं कधी, हे ठरवायला त्याच्या पोटात काचेचा एक डोळा होता. यंत्रासोबत चंद्रकुमार साहेब होते. स्वयंचलित गुंडाळणी नियंत्रण प्रात्यक्षिक अधिकारी. पदही यंत्राएवढंच लांब होतं आणि गावच्या बोळीत तेवढंच अडकत होतं.

"वेचा जी साहेब, पण कापूस आमाले वापस पायजे," शकुननं आधीच सांगून ठेवलं. "पोरीच्या गादीचा हाये."

"बोंड न बोंड मिळेल ताई," साहेब म्हणाले. "आणि तेही मानवी हस्तक्षेपाशिवाय."

चालक विनोदनं काम सुरू करण्याआधी त्या काचेच्या डोळ्यावरची कारखान्यातली धुरकट पन्नी काढायला नख लावलं, तोच धनीराम ओरडला, "अरे अरे! काढू नोको भाऊ! नवी वस्तू हाये!"

इथे धनीरामचा स्वभाव सांगितलाच पाहिजे. माणूस देवासारखा, फक्त नव्या वस्तूवरची पन्नी काढली की त्याचा जीव कासावीस व्हायचा. मोटरसायकलच्या सीटला पन्नी, फ्रिजला पन्नी, कपाटाच्या आरशालाही पन्नी. शकुन त्या आरशात धुक्यात उभी असल्यासारखी दिसायची. "लग्नात माह्यावर पन्नी नवती म्हणून मी वाचली बापा," असं ती चारचौघांत सांगे.

पण साहेबांना धनीरामचं म्हणणं तंतोतंत पटलं. "बरोबर आहे. पन्नी काढली की यंत्र 'वापरलेले' या सदरात जातं. आणि वापरलेल्या यंत्राचं प्रात्यक्षिक नियमात बसत नाही." विनोदनं नख मागे घेतलं.

चहा निवायच्या आत यंत्रानं बरड साफ केलं. मग गुंडाळणी सुरू झाली. एक वेढा, दुसरा, तिसरा. डोळ्याला नुसतं धुकं दिसत होतं, त्यामुळे गठ्ठा अजून उघडाच आहे असं यंत्राचं प्रामाणिक मत पडलं. ते गुंडाळतच राहिलं.

"साहेब, झालं वाटते जी," धनीराम म्हणाला.

"वाटणं हाच मानवी हस्तक्षेप," साहेब म्हणाले. पन्नीचं शेवटचं भेंडोळं संपलं तेव्हा कुठे यंत्र थांबलं. गठ्ठा धपकन खाली पडला. गावानं टाळ्या वाजवल्या.

शकुन विळा घेऊन पुढे झाली. साहेब आडवे आले. "ताई, हात लावू नका! तपासणी पथक यायचं आहे. हा आता कापूस राहिला नाही. हा निष्कर्ष आहे."

"मंग माही रंजू निजन कायच्यावर? निष्कर्षावर?"

पथक आलं. गठ्ठ्यावर थापा मारून पाहिल्या, फोटो निघाले. एकानं विचारलं, "आत कापूस आहे ना?" साहेब म्हणाले, "रिकाम्यावर एवढी पन्नी कोण गुंडाळेल?" हा युक्तिवाद पथकाला आपल्या कार्यालयातला वाटला असावा, लगेच मान्य झाला. धनीरामला 'उत्कृष्ट गुंडाळणी' चषक मिळाला. तो त्यानं पिशवीसकट फळीवर ठेवला.

लग्न तोंडावर आलं. गादीवाला दोनदा येऊन परत गेला. शकुननं बोलणं टाकलं, तसा धनीराम पवनीला साहेबांच्या पाया पडायला गेला. साहेब दयाळू होते. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "या तालुक्यात उघडलंत तर प्रयोग फसला असं होईल. तालुक्याबाहेर काय होतं ते आमच्या कक्षेत येत नाही. पोरगी कुठं दिली?"

"सिहोऱ्याले जी. तुमसर तालुका."

"मग अडचण काय?"

अशा रीतीनं वरातीमागे ट्रॉलीतून पिवळा गठ्ठा निघाला. शकुननं रडत रडत लेकीच्या पिशवीत विळा घातला. "घरी गेली का पयले पन्नी काप. मंग गादीवाल्याले बोलाव."

थंडी सरत आली तेव्हा रंजूचा फोन आला.

"गादी कशी झाली वो पोरी? नरम हाये ना?" शकुननं विचारलं.

रंजू म्हणाली, "आमी चटईवरच निजून राहिलो आई. गठ्ठा बैठकीत ठेवला हाये. माही सासू गोदावरीबाई म्हणते, नवी वस्तू हाये, पन्नी नोको काढू. येणारा-जाणारा हात लावून पायते. विळाबी तिनंच ठेवून घेतला."

शकुनच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक अख्खी थंडी चटईवर कुडकुडली होती. धनीरामचा तर पाराच चढला. "अशी कशी बाई हाये ते! अवो, वस्तू वापराले रायते का पायाले? पन्नी काय चाटाची हाये? उद्याच जातो सिहोऱ्याले!"

शकुननं टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर ठेवला. तो ज्या टीव्हीचा होता तो टीव्ही भंगारात जाऊन जमाना झाला होता. रिमोट मात्र पन्नीत कोरा होता. धनीरामनं त्याच्याकडे पाहिलं. पन्नीच्या कोपऱ्याला नख लावलं. कोपरा उचलला. खालून एक बटण लखलखीत दिसलं.

त्यानं अंगठ्यानं कोपरा पुन्हा नीट दाबून बसवला. "राहू दे," तो हळूच म्हणाला, "नवा हाये."

तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त त्याआधी उठून आपल्या घरचा रिमोट एकदा पाहून या. नाही, पन्नी काढा असं कुठे म्हणतोय? नवा असेल.