गुलाबरावांचा भरोसा

गुलाबराव मुकादम लग्नात अक्षता टाकण्याआधी त्यातला एक दाणा चावून पाहतात. मग वधूपित्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात मला सांगतात, "रेशनचा आहे."

असे शेजारी नशिबानंच मिळतात. मलकापूरच्या जिनिंगात मुकादमी करण्यात त्यांचा जन्म गेला. आलेल्या कापसातली सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजली तर माल कोरडा, नाहीतर पाणी मारलेला. ती खोड घरी आली ती आलीच. बीटी कापूस आला तेव्हा मी म्हटलं, "अळी तोंड लावत नाही, ते तुम्ही कशाला चावता?"

"अळीले काय शक आला, ते पाहून राह्यलो."

पुढं हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, पुढचे दात हलायला लागले. आळ अर्थातच बीटीवर. डॉक्टरांकडे जायचं नाही, कारण डॉक्टर बियाण्याच्या कंपनीला 'मिळालेले' असतात.

बायको गेल्यापासून हे एकटेच. मुलगी सुनंदा नागपुरात दातांची डॉक्टर, हिरड्यांच्या रोगावर संशोधन करते. दिवाळीपुरती येते. यंदा मात्र भर उन्हाळ्यात बर्फाचा डबा घेऊन दारात उभी राहिली. गुलाबरावांना तिथंच संशय आला.

"बीटीनं नाही बाबा, तुमच्या त्या तंबाखूच्या खर्ऱ्यानं झालं हे," ती म्हणाली. मग तिनं समजावलं. पेशीत एका जातीचा आरएनए असतो. तो स्वतः काही बनवत नाही, पण बाकीच्यांनी काय बनवायचं, कधी थांबायचं, ते ठरवतो. हिरडीची सूज हटत नाही त्यात त्याचा किती हात आहे, ते तिला पाहायचं होतं.

"सोता काही करत नाही अन् दुसऱ्याचं काम बंद पाडते?" गुलाबरावांनी डोळे बारीक केले. "म्हंजे मुकादमच झाला. नजर ठेव त्याच्यावर."

हिरडीच्या खाचेत कागदाची बारीक पट्टी ठेवून ओल टिपायची, एवढंच काम. पण तोंड उघडेना. "कोन्या कंपनीले देशीन हे?"

सुनंदाचा आवाज चढला. "नागपुरात हिरड्या नाही भेटत काय मले? तुमचे दात चालले, बाबा! तुमी कोनाले तोंड दाखवत नाही, म्हनून आली मी."

गुलाबरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी आ केला.

पट्टी डब्यात गेली. सुनंदा पिशवी भरू लागली.

"झालं?"

"हाव. एकदाच लागते."

गुलाबराव दारात आडवे उभे राहिले.

"एका खेपेवर माहा भरोसा नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात अजून पाह्यजो. दुसऱ्या कोनाले पाठवू नको. तूच येजो."